चार बोटे पाय आणि टेकडीची वाट

दिवाळीत ज्याच्या घरी कुत्रे आहे त्याने नरक चतुर्दशीच्या पहाटे पलंगाखाली वाकून पाहावे. घरातली मंडळी उटणे लावून, कारिट फोडून, फराळाच्या ताटाभोवती जमलेली असतात. आणि एक जीव मात्र पलंगाखालच्या ट्रंकेला पाठ लावून थरथरत बसलेला असतो. पहिली लवंगी फुटते पहाटे चारला. त्यानंतर लड, सुतळी बॉम्ब, आणि शेवटी ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही असे काहीतरी, ज्याने खिडक्यांच्या काचा हलतात. माणसाला जे ऐकू येते त्याहून कितीतरी अधिक कुत्र्याला ऐकू येते. डोंबिवलीसारख्या गावात इमारती एकमेकींना खेटून उभ्या असतात, तेव्हा हा आवाज जायचा कुठे? तो भिंतीभिंतींवर आपटून पुन्हा पलंगाखालीच येतो.

आपल्याकडे दिवाळीचा आरंभ वसुबारसेने होतो. त्या दिवशी गाईवासरांची पूजा. नेपाळात याच चतुर्दशीला कुत्र्याचा मान असतो. ‘कुकुर तिहार’ म्हणतात तिला. त्या दिवशी घरच्या आणि रस्त्यावरच्याही कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. एकच तिथी, आणि शेकडो कोसांच्या अंतराने त्याच प्राण्याच्या वाट्याला एकीकडे माळ, दुसरीकडे सुतळी बॉम्ब! मराठी शिकवण्याचा माझा धंदा असल्यामुळे मला याचे फारसे नवल वाटत नाही. आमच्या भाषेनेच कुत्र्याला कधी सरळ वागवलेले नाही. जिणे वाईट तर ते कुत्र्याचे, मरण वाईट तर तेही कुत्र्याचे, आणि शेपूट तर नळीत घालूनही वाकडेच. खंडोबाच्या दारी मात्र याच भाषेला नमते घ्यावे लागले. तिथे भक्तच स्वतःला वाघ्या म्हणवून घेतो आणि देवापुढे कुत्र्यासारखा भुंकतो. दत्ताच्या पायांशीही चार कुत्री बसलेली असतात, आणि ते चार वेद आहेत असे आपण मुलांना सांगतो. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद मात्र इथे नको. दिवाळी आहे.)

सांगायचे आहे ते वेगळेच. गेली तीन-चार वर्षे आमच्या कॉलनीतली काही घरे चतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून, उजाडण्यापूर्वी, आपापली कुत्री घेऊन टेकडीवर जातात. कुत्री म्हणजे अल्सेशियन किंवा लॅब्राडोर नव्हेत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मावतील अशी. आमची ‘मनी’ ही पॉमेरेनियन. कुत्रीचे नाव मनी कसे, असे विचारू नये. ते आमच्या कन्येने ती चार वर्षांची असताना ठेवले आहे. शेजारी राहणारे रेल्वेतले निवृत्त गार्ड, ज्यांना आम्ही सारे गार्डकाका म्हणतो, त्यांचा ‘मेल’ हा डॅशहुंड. नावाप्रमाणे लांबलचक, आणि वेगाने मालगाडी.

आम्ही निघालो की इमारतीतले लोक हसतात. चार बोटे उंचीचे पाय, आणि निघाले डोंगर चढायला! हसणाऱ्यांना मी आल्प्समधल्या चिंगेलची गोष्ट सांगते. १८६८ साली ख्रिस्तियन आल्मर या स्विस वाटाड्याने कूलिज नावाच्या अमेरिकन मुलाला एक कुत्री दिली. आयगर शिखराचा प्रयत्न फसला म्हणून पोर हिरमुसले होते, त्याची समजूत काढायला. हा मुलगा आणि त्याची मावशी यांच्याबरोबर ती कुत्री पुढे आल्प्सभर हिंडली, आणि १८७५ साली मों ब्लांवर, म्हणजे ४,८०० मीटरांवर, जाऊन आली. १८७९ साली ती म्हातारी होऊन घरी मेली. आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भीमार्जुन पडले. धर्मराजाच्या मागोमाग शेवटपर्यंत कोण टिकले, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या कुत्र्याचे आकारमान व्यासांनी दिलेले नाही. ते लहानच असावे असे मला उगाचच वाटते.

परंतु चिंगेल बर्फावर चालत होती. आमची टेकडी काळ्या कातळाची, आणि कोकणच्या दमट हवेतली. हा फरक ज्याला कळला नाही त्याच्या कुत्र्याचे काय होते, ते आमच्याच आळीत घडले आहे.

२००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या तोंडाचा पग लहान मुलाच्या मागेमागे चालताना दिसू लागला, आणि मध्यमवर्गात पगांची लाटच आली. त्या लाटेतला एक पग आमच्या मागच्या गल्लीत होता. गुटगुटीत, सर्वांचा लाडका. एका मे महिन्यात त्या घरच्या मुलाने मित्रांबरोबर त्याला एका किल्ल्यावर नेले. निघायलाच नऊ वाजले होते. पग बिचारा तक्रार करणारा नव्हे; मुलगा चालतो म्हणून तोही चालत राहिला. अर्ध्या वाटेवर त्याने बसकण मारली तेव्हा मुलांना तो हट्ट वाटला. त्यांनी हाका मारल्या, बिस्किट दाखवले, आणि तो पुन्हा उठून चालला. साडेबाराच्या सुमारास तो कोलमडला. त्याला उचलून पोरे धावत खाली आली, पण डॉक्टरांच्या दारापर्यंत काही तो पोचला नाही. त्या मुलाने पुढे कितीतरी दिवस कोणाशी धड बोलणे टाकले होते. त्याचा तरी दोष म्हणावा किती? त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून सांगते. माणूस घामाने गार होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सारा भार जिभेवर. तो धापा टाकतो तेव्हा जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन जाते आणि रक्त थंड होते. हवा दमट असली की ही वाफ होतच नाही, आणि आमच्या ठाणे-कल्याणच्या हवेत दुसरे असते काय? त्यात पगासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्गच आखूड आणि कोंदलेला, त्यामुळे त्याची धाप म्हणजे बिनपाण्याचा कूलर. कुत्र्याचे अंग एरवीच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की धोका सुरू होतो. शिवाय लहान कुत्र्याचे पोट जमिनीपासून चार बोटांवर. आपल्या डोक्याला वारा लागत असतो त्याच वेळी त्याच्या पोटाला कातळाची धग लागत असते. आपल्या तोंडाला जी हवा लागते ती त्याची हवा नव्हेच. कातळावर हाताची पालथी बाजू ठेवावी आणि सात आकडे मोजावेत. सातापर्यंत ठेववत नसेल तर त्या कातळावर कुत्र्याला चालवू नये.

जीभ रुंद होऊन लोंबू लागली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, लाळ चिकट झाली, चाल झोकांडू लागली, की शिखर विसरावे. सावलीत न्यावे, अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, साधे पाणी ओतावे, टोपीने, वहीने, मिळेल त्याने वारा घालावा. पाणी समोर ठेवावे, पण घशात ओतू नये. आधी गार करावे आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. नुसतेच उचलून पळत सुटू नये. आणि हो, उन्हाळा आला म्हणून पॉमेरेनियनचे केस मुळापासून काढणारे लोक आहेत. ते केस त्याला उन्हापासूनही राखतात. विंचरावेत, भादरू नयेत.

आता टेकडी कोणती? ठाणेकर पटकन ‘येऊर!’ म्हणतील. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रे नेता येत नाही. हा नियम काही जणांना जाचक वाटतो. मला तो कुत्र्याच्याच बाजूचा वाटतो. २०१८ च्या पाहणीत या उद्यानात आणि त्याच्या आसपास ४७ बिबटे मोजले गेले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या पोटात गेलेल्या एकूण मांसात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे मनीला येऊरला नेणे म्हणजे फराळाचे ताट स्वतः पोचते करणे. तसा बिबट्या आपल्याला काही परका नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ठाण्याच्या एका मॉलमध्ये दिसला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला एका इमारतीतच शिरला. पण तो आपल्या घरी येतो म्हणून आपण त्याच्या घरी कुत्रा घेऊन जावे, असे होत नाही.

मुंब्रादेवीचा डोंगर गाडीतून जाताना मोठा मोहक दिसतो. मात्र तिथे पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणजे डॅशहुंडाचा वैरी. बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी जर्मनांनी ही जात लांब पाठीची आणि आखूड पायांची घडवली; पायरीपायरीवरून उडी मारत उतरले की सगळा हिसका त्या लांब कण्याला बसतो. मलंगगड तर आमच्या गच्चीतून रोज दिसतो. पण तो देवाधर्माचा डोंगर. तिथे दर्शनाला माणसे येतात, त्यांच्या पायांत आपले कुत्रे घुटमळावे हे बरे नव्हे. म्हणून आम्ही जातो ते उंबार्लीच्या टेकडीवर. डोंबिवली पूर्वेला, एम्. आय. डी. सी. च्या पलीकडे. पक्षी पाहणाऱ्या मंडळींची ही लाडकी टेकडी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वणवा लागला की याच मंडळींपैकी कितीजण तो विझवायला धावतात.

गेल्या चतुर्दशीला आम्ही पावणेसहाला निघालो. रिक्षावाल्याने मनीकडे पाहिले, मेलकडे पाहिले, आणि दोघांची मिळून एक सीट धरली. ‘केस किती पडतील त्याचे वेगळे,’ असेही म्हणाला. पण उतरताना त्याने मेलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते वेगळे पैसे काही मागितले नाहीत.

टेकडीचा पहिला चढ कधीच खरा चढ नसतो. खरा चढ म्हणजे पायथ्याची गावकुत्री. त्यांची हद्द ठरलेली असते, आणि बंगल्यातून आलेल्या केसाळ पाहुणीला ती बिनपरवान्याने ओलांडता येत नाही. अशा वेळी काहीजण कुत्र्याला एकदम उचलून डोक्याच्या उंचीवर धरतात. त्याने खालची कुत्री उड्या मारू लागतात आणि हलकल्लोळ होतो. गार्डकाकांची रीत निराळी. ते काठी टेकत पुढे होतात, गावकुत्र्यांकडे न पाहता हद्दीच्या कडेकडेने जातात, आणि मधे मधे थांबतात. ‘बाई, लूप लाइनला घ्या तुमची गाडी,’ असे मला म्हणाले. मी मनीला कुंपणाच्या कडेला घेतले. गावकुत्री दहा पावले मागे आली, भुंकली, आणि आपली हद्द संपताच परत फिरली. एक आजी अंगणात सडा घालत होत्या. त्यांनी मनीकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, ‘ह्याला पाय हायत का नुसती केसंच?’

त्या पहाटे दूरवर शहरातून लडींचा आवाज येतच होता. म्हणून दोघांनाही गळ्यातला पट्टा नव्हता, तर हार्नेस होता, म्हणजे छातीपोटावरून घ्यायचा पट्टा. घाबरलेले कुत्रे मागे रेटा देऊन गळपट्ट्यातून डोके सोडवून घेते आणि वाट फुटेल तिकडे पळते. दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांच्या किती चिठ्ठ्या दुकानांच्या दारांवर चिकटवलेल्या असतात! हार्नेस चांगला बसला असेल तर त्यातून निसटणे अवघड.

पण दोरी सोडायची नाही, यामागे आणखी एक कारण आहे, आणि यावर माझे गार्डकाकांशीही भांडण होते. त्यांचे म्हणणे, ‘वर कोणी नाही, मोकळे सोडू की जरा.’ वर कोणी नाही कसे? टिटवी उघड्या माळावर, दगडांतच अंडी घालते. तित्तिर, चंडोल, रातवा हीही जमिनीवरच राहणारी मंडळी. ऑक्टोबरात त्यांची अंडी नसतील, परंतु उन्हाळ्यात असतात, आणि कुत्र्याला महिने कळत नाहीत. त्याला सवय कळते. शिवाय गवतातल्या दगडांखाली फुरसे असते. वीतभर साप, पण त्याचे विष रक्ताचे पाणी करते, आणि कुत्रा आधी नाक घालतो आणि मग विचार करतो. सहा फूट दोरीत मनीचे सर्व जग मावते. गार्डकाका ‘हूं’ म्हणाले. दोरी त्यांनी सोडली नाही, पण पटले असेही म्हणाले नाहीत.

वाट आता गवतात शिरली. दोन्ही बाजूंना कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, करवंदीच्या जाळ्या, वर तारेवर बसलेले वेडे राघू. आपल्याला ही वाट उघडी दिसते; मनीला मात्र गवताचा बोगदा. माझ्या एका पावलाला तिची पाच पावले पडतात हे मी मोजलेले आहे. दर दहा मिनिटांनी आम्ही थांबत होतो. बशीत पाणी, थोडे थोडे. अशा थांब्यांनी माणसाचे काय होते? मी एरवी टेकडी चढते तेव्हा मला शिखर आणि घड्याळ एवढेच दिसते. मनीबरोबर थांबावे लागल्यामुळे एका पळसाच्या पानावर मुंगळ्यांची रांग दिसली, कोतवालाने एका घारीला हुसकावलेले दिसले, आणि कन्येने चक्क मोबाइल खिशात ठेवला.

फराळाचा डबा उघडण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. बेसनाच्या लाडवातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. चिवड्यातला कांदा-लसूणही त्याला नको, आणि चॉकलेट तर मुळीच नको. दिवाळीत पाहुण्यांची मुले प्रेमाने लाडू भरवतात, तेव्हा त्यांचे प्रेम न दुखवता लाडू परत घ्यावा. मनीसाठी मी उकडलेले अंडे नेले होते. ते अर्धे मेलने खाल्ले.

साडेसातच्या सुमारास एक उघडा कातळ लागला. शिखर तिथून दिसते. दहा मिनिटांचीही वाट नसेल. ऑक्टोबरचे ऊन त्या कातळावर नुकतेच आले होते. मेल त्याच्या कडेच्या सावलीत गेला, चारही पाय पसरले, आणि पोट गार मातीला लावून पडून राहिला. जीभ बाहेर, पण डोळे शांत. त्याला काही झाले नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच की आता पुरे.

‘बाबा, दहाच मिनिटं!’ कन्या म्हणाली. ‘मी त्याला उचलून नेते.’

यजमानांनी माझ्याकडे पाहिले, मी गार्डकाकांकडे. इतक्या जवळ येऊन परत जायचे हे मलाही जिवावर आले होते. मागच्या गल्लीतला तो पगही असाच बसला होता. त्यालाही बिस्किट दाखवून उठवले होते. गार्डकाका मेलजवळ बसले, त्याच्या छातीवर हात ठेवून थोडा वेळ त्याचे ठोके पाहिले, आणि म्हणाले, ‘सिग्नल लाल आहे, पोरी. गाडी इथंच थांबणार. तुला जायचं तर तू जा, मी लाल निशाण धरून बसतो.’

ती आणि तिचे बाबा वर गेले. आम्ही दोघे आणि दोन कुत्री सावलीत बसून राहिलो. खालून येणारे फटाक्यांचे आवाज इथे अगदी बारीक झाले होते, कोणीतरी दूरवर फुटाणे भाजावेत तसे. त्या पहाटेपासून पहिल्यांदाच मनीचे कान ताठ नव्हते. ती माझ्या पदरावर हनुवटी टेकून झोपली. वर गेलेली मंडळी पंधरा मिनिटांत परत आली. मलंगगड दिसला, त्याच्या शेजारचे नवरा-नवरीचे सुळके दिसले, आणि धूर दिसला, असे कन्येने सांगितले. धूर कुठला, तर आपल्याच गावावरचा.

आठ वाजता आम्ही उतरू लागलो. उतारावर मेलला गार्डकाकांनी दोन्ही हातांवर आडवा घेतला, कण्याला आधार देऊन, एखादे तान्हे मूल न्यावे तसा. सत्तरीच्या माणसाने दहा किलोचे कुत्रे उचलून उतरावे का, असे यजमानांनी विचारून पाहिले. ‘गार्डने गाडी सोडायची नसते,’ असे उत्तर मिळाले. तरीही अर्धी वाट आमच्या कन्येने त्याला घेतलेच.

घरी आल्यावरचे काम अर्ध्या तासाचे असते आणि ते टाळून चालत नाही. पावसाळ्यानंतरच्या गवतात कुसळे असतात. कुसळी गवताचे बी टोकदार असते, मागे पीळ घातलेली शेपटी असते, आणि ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि बी फिरकीच्या खिळ्यासारखे आत आत शिरते. आपल्या म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असते. कुत्र्याचे कुसळ बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि कानात असते, आणि एकदा कातडीखाली गेले की डॉक्टरांना चिरा देऊनच काढावे लागते. म्हणून एक एक पंजा उघडून पाहावा लागतो. त्याबरोबर गोचीडही पाहून घ्यावी. कानाच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी ती हटकून असते. पावसाळ्यात डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोची बाधा होते. वर्षाच्या लशीत तिचाही समावेश आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मनीच्या पायांतून त्या दिवशी अकरा कुसळे निघाली. कन्या एक एक मोजून वर्तमानपत्रावर मांडत होती. मेलच्या पायांत एकही नव्हते. त्याच्या अंगावर केसच आखूड, आणि शिवाय अर्धी वाट तो हातावरून आलेला! दुपारी पुन्हा लडी सुरू झाल्या, तेव्हा मी पलंगाखाली वाकून पाहिले. मनी तिथेच होती, ट्रंकेला पाठ लावून. पण चारही पाय आडवे टाकून गाढ झोपली होती, आणि झोपेत तिचे पाय चालत होते.